एका कृष्णविवराची दोन वजनं

कृष्णविवर दिसत नाही, पण त्याच्याभोवती काय किती वेगाने फिरतंय हे कळलं की त्याचं वस्तुमान काढता येतं.

आपल्या आकाशगंगेच्या केंद्राशी एस-२ नावाचा तारा आहे. राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांचे गट १९९०च्या दशकापासून तिथल्या ताऱ्यांवर नजर ठेवून आहेत. २०२०च्या नोबेलमध्ये दोघांचाही वाटा होता. एस-२ला एका फेरीला सुमारे १६ वर्षं लागतात. त्याच्या लंबवर्तुळाकार कक्षेचा अर्धा दीर्घ अक्ष पृथ्वी-सूर्य अंतराच्या साधारण हजारपट भरतो. आता केप्लरचा नियम लावा, म्हणजे अक्षाच्या (पृथ्वी-सूर्य अंतरांतल्या) आकड्याच्या घनाला फेरीच्या वर्षांच्या वर्गाने भागा, की वस्तुमान सूर्यांच्या हिशोबात मिळतं: हजारचा घन १०० कोटी, १६चा वर्ग २५६, भागाकार सुमारे ३९ लाख. म्हणजे ३९ लाख सूर्यांइतकं वस्तुमान! नेमकी मापं घेतली की आकडा ४३ लाखांच्या आसपास जातो. पाठकोऱ्या कागदावरच्या हिशोबाला हे काही वाईट नाही.

दूरच्या दीर्घिकांत ही चैन नाही. एम-८७ ही दीर्घिका साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर आहे. तिथे सुटा तारा फिरताना दिसणं अशक्यच. मग केंद्राजवळच्या असंख्य ताऱ्यांचा एकत्र प्रकाश घेऊन वर्णपटातल्या रेषा किती रुंदावल्यात ते पाहायचं. ताऱ्यांची धावपळ जितकी जास्त, तितक्या रेषा रुंद. नाहीतर केंद्राभोवतीच्या वायूच्या तबकडीचा वेग मोजायचा. २०११ साली ताऱ्यांवरून उत्तर आलं ६६० कोटी सूर्य. २०१३ साली वायूवरून आलं ३५० कोटी. कृष्णविवर तेच, फरक जवळपास दुपटीचा.

तारा गुरुत्वाकर्षणाशिवाय कुणाला फारसा जुमानत नाही. वायूला मात्र दाब असतो, खळबळ असते; तो कक्षेच्या हिशोबापेक्षा सावकाश फिरत असेल, तर वस्तुमान कमी भासतं. तबकडीच्या कलाचा अंदाज चुकला तरी तीच गत.

२०१९ साली इव्हेंट होरायझन टेलिस्कोपने, म्हणजे जगभरच्या रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने, एम-८७च्या कृष्णविवराभोवतीचं तेजस्वी कडं टिपलं. कड्याचा आकार वस्तुमानावर आणि अंतरावर ठरतो. व्यास भरला सुमारे ४२ मायक्रोआर्कसेकंद (आकाशातल्या कोनाचं अतिसूक्ष्म माप), त्यावरून वस्तुमान ६५० कोटी सूर्य. कौल ताऱ्यांच्या बाजूने गेला.

म्हणून वायूची पद्धत मोडीत काढायचं कारण नाही. एनजीसी ४२५८ या दीर्घिकेत पाण्याच्या रेणूंचे मेसर (लेसरसारखे, पण सूक्ष्मलहरींचे प्रखर स्रोत) एका पातळ तबकडीत फिरतात आणि केंद्रापासून दूर जाताना त्यांचा वेग केप्लरच्या नियमानुसार अगदी चोख कमी होतो. १९९५ साली ते समोर आलं. तिथलं वस्तुमान, सुमारे ४ कोटी सूर्य, हे आजही सर्वांत खात्रीच्या मापांपैकी एक आहे, आणि ते वायूवरूनच काढलेलं आहे.