विजयदुर्ग बंदर बोटीतून बघायचंय? मग निघायच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी. ऑफिसला रोज कोणीतरी विचारतंच, "अहो रविवारची तारीख द्या की, मधल्या वारी सुट्टी कशी काढायची?" म्हणून हे पत्रक काढलंय. विजयदुर्गची बोट ट्रिप आम्ही रविवार बघून नाही, तिथी बघून ठरवतो.

आपल्या सोलापूरकरांना पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव नाहीतर उजनी. ते उन्हाळ्यात आटतं, पण दिवसातून दोनदा चढत-उतरत नाही. विजयदुर्गला वाघोटणच्या खाडीत भरती-ओहोटीने ते चढतं-उतरतं, आणि हे बंदर त्या चढ-उतारावरच उभं राहिलं. किल्ला पायी फिरलात तर एकामागे एक तीन तटबंद्या, बुरूज, तोफगोळ्यांच्या खुणा दिसतात, छानच आहे, पण आरमाराचं बंदर म्हणजे काय ते कळत नाही. बोट धक्क्यावरून सुटून किल्ल्याला वळसा घालून खाडीत शिरली की कळतं, बाहेर उघडा दर्या लाटा मारतोय आणि आत वळलं की पाणी एकदम शांत, इतकं शांत की तांडेलाचं, म्हणजे बोट चालवणाऱ्याचं, बोलणं इंजिनच्या आवाजातही ऐकू येतं. म्हणूनच शिवाजी महाराजांनी १६५३ मध्ये घेतलेला हा किल्ला पुढे मराठ्यांचे दर्यासारंग असलेल्या आंग्र्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं झाला. गेल्या वर्षी-दोन वर्षांत गर्दी वाढलीय, कारण २०२५ ला युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले लागले त्यात हा आहे.

बोटीतून बघायची खरी गोष्ट म्हणजे गिर्ये गावच्या बाजूची गोदी. किल्ल्यापासून खाडीत साधारण तीन किलोमीटर आत. खडक फोडून केलेली. भरतीला गलबत आत घ्यायचं, ओहोटी लागली की पाणी आपोआप उतरतं, गलबत कोरडं पडतं, मग बुडाची डागडुजी करायची. पंप नाही काही नाही, समुद्रच पंप. आम्ही पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्या दगडावर हात ठेवून बराच वेळ नुसते उभे होतो.

आणि याच खाडीत १७५६ च्या फेब्रुवारीत ते आरमार जळालं. इंग्रजांकडून वॉटसनची जहाजं आणि क्लाइव्हचं पायदळ चालून आलं होतं, पेशव्यांचं सैन्यही किल्ला ताब्यात असलेल्या तुळाजी आंग्र्यांच्या विरोधातच होतं. आंग्र्यांची गलबतं आणि गुराबा, म्हणजे मोठी लढाऊ जहाजं, आत जवळजवळ बांधून ठेवलेल्या, त्यात त्यांनीच पूर्वी इंग्रजांकडून पकडलेलं 'रिस्टोरेशन' नावाचं जहाज, त्याच्यावर तोफगोळा पडला, ते पेटलं आणि आग एकावरून दुसऱ्यावर पसरत सगळं आरमार गेलं. हे सांगताना आम्ही इंजिन बंद करायला लावतो. तिथे शांत बसून ऐकायचं, रील नंतर काढा, ही आमची मनापासून विनंती आहे.

आता तिथीचं. कोकणात जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. म्हणजे अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ, सकाळी पण आणि संध्याकाळी पण. अर्धा-एक तास इकडे-तिकडे होतो, पक्की वेळ आम्ही भरतीच्या तक्त्यातून घेतो. आपल्याला दशमी ते द्वादशी सोयीची, सकाळी भरती भरत असते, गोदीपर्यंत पाणी मिळतं आणि दुपारचा खारा वारा सुटायच्या आत आपण धक्क्यावर परत. मधली एकादशी बरेच जण धरतात, त्यांची साबुदाण्याची खिचडी आधीच सांगून ठेवतो. कार्तिकी एकादशीला मात्र ट्रिप ठेवत नाही, पंढरपूरचं सोडून तुम्ही येणार नाही आणि आम्हीही जाणार नाही.

हे शहाणपण आम्हाला एकदा चूक केल्यावर आलं. सुरुवातीला लोकांच्या आग्रहाखातर एक रविवार धरला, निघायला उशीर झाला, गोदीजवळ ओहोटी लागली आणि बोट चिखलात बसली. अडीच तास. एक आजी होत्या, लहान पोरं होती, पाणी संपलं. तांडेल म्हणाला ढकलायचं नाही, पाय रुतेल, भरती येऊ दे. भरती आल्यावर निघालो, अंधारात धक्क्याला लागलो. सगळे सुखरूप होते, आम्ही अर्धे पैसे परत दिले, पण त्या आजींचा चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून तारखेला हट्ट नाही.

सोलापूरहून सांगोला, मिरज, कोल्हापूर, गगनबावडा, तळेरे असं जायचं, पावणेचारशे ते चारशे किलोमीटर, म्हणून आदल्या दिवशी पोचून मुक्काम. जून ते सप्टेंबर ट्रिप बंद, बंदर कितीही सुरक्षित असलं तरी छोट्या बोटीने पावसात जायचं नाही. बोट तिथल्याच लायसन्सवाल्या माणसांची घेतो. लाईफ जॅकेट पोहता येणाऱ्यांनीही घालायचं, सगळी बकलं लावून, उकडतंय म्हणून सैल सोडायचं नाही. दारू पिऊन आलेल्याला बोटीत घेत नाही, भांडण झालं तरी चालेल.

बोट लागत असेल तर गोळी निघायच्या आधी अर्धा तास घ्या, डॉक्टरांना विचारून. मधे बसा, मोबाईलमध्ये बघू नका, लांब क्षितिजाकडे बघा. रिकाम्या पोटी येऊ नका आणि मिसळ हाणून पण येऊ नका, आपली कडक भाकरी आणि थोडी शेंगा चटणी उत्तम, प्रवासात टिकते. सकाळी बोटीवर गार वारं लागतं म्हणून काही जण सोलापुरी चादर आणतात, ती भिजली की उचलवत नाही, त्यापेक्षा दोन टॉवेल आणा.

बुकिंगला येताना घरात कोणाला बीपी, हार्टचा त्रास, किंवा दिवस गेलेले असतील तर लपवू नका, त्यांना किल्ला दाखवायची वेगळी सोय करू. पुढच्या तीन महिन्यांच्या तारखा ऑफिसातल्या कॅलेंडरवर लाल पेनने गोल करून ठेवल्यात, या आणि बघून जा.