ऐकू येत नाही, म्हणून नाचता येत नाही?

‘ज्याला ऐकूच येत नाही त्याला ताल कसा कळणार, नाच कसा जमणार?’ बेळगाव, खानापूर, निपाणीकडे सर्वांना सामावून घेणाऱ्या नृत्य कार्यशाळेचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. तसं वाटणं स्वाभाविक आहे; आपण गाणं कानानंच ऐकतो.

पण ध्वनी म्हणजे कंपन. ते कानाच्या पडद्याप्रमाणे फरशीला, छातीला, तळहातालाही हलवतं. त्वचेला साधारण १००० हर्ट्झपर्यंतची, म्हणजे सेकंदाला हजार वेळांपर्यंतची कंपनं जाणवतात, २५०च्या आसपास सर्वांत चांगली. बासरीचे उंच सूर निसटतात, हे खरं. ढोलाचा खर्ज ठोका मात्र अंगात शिरतो. शिवजयंतीच्या मिरवणुकीत ढोलाशेजारी उभं राहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. शिवाय बहिरेपण अनेकदा पूर्ण नसतं.

स्वतः करून पाहा. कानात कापूस घाला, फुगवलेला फुगा दोन्ही तळव्यांत धरून स्पीकरजवळ उभे राहा. ठोके बोटांवर मोजता येतील. लाकडी फळ्यांवर अनवाणी उभं राहिलात तर तळपायांतही जाणवतील. जमिनीत घट्ट बसवलेल्या फरशीवर तितके नाहीत.

आणि ताल डोळ्यांनीही पोचतो. शिक्षक हातानं मात्रा दाखवतात, शेजारी खांद्यानं खूण करतो. लेझीम आपणही पुढच्याचे पाय बघूनच शिकलो की!