जे-कोड

जे-कोड : अमेरिकेतील वैद्यकीय बिलांत, डॉक्टर किंवा परिचारिकेने टोचून वा शिरेवाटे द्यावयाच्या औषधांसाठी वापरला जाणारा संकेतांक. ‘जे’ हे रोमन अक्षर व पुढे चार अंक अशी त्याची रचना असते. कर्करोग, संधिवात व नेत्रपटलाचे विकार यांवरील महागडी इंजेक्शने हे त्याचे मुख्य क्षेत्र असून जे९००० पासूनचे कोड कर्करोगविरोधी औषधांसाठी आहेत.

हे कोड ‘एचसीपीसीएस’ (उच्चार : हिकपिक्स) या, बिलांतील वैद्यकीय सेवा व वस्तूंना संकेतांक देणाऱ्या पद्धतीच्या दुसऱ्या स्तरात मोडतात. पहिला स्तर म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे, डॉक्टरांच्या कामांसाठीचे सीपीटी कोड. ते १९६६ पासून प्रसिद्ध होत आहेत. एचसीपीसीएसच्या आरंभाचे वर्ष कोठे १९७८, तर कोठे १९८३ दिलेले आढळते. पहिले वर्ष पद्धतीच्या आखणीचे आणि दुसरे मेडिकेअरच्या (मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना) बिलांतील वापराचे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. १९९६ च्या ‘हिपा’ या आरोग्य विमा व माहितीविषयक कायद्याने प्रमाण कोडसंच ठरवण्याची तरतूद केली व २००० च्या नियमांनी या पद्धतीला ते स्थान दिले. प्रांतोप्रांती वेगळे असणारे तिसऱ्या स्तरातील स्थानिक कोड २००३ अखेर बंद झाले. दुसऱ्या स्तराची देखभाल सीएमएस ही मेडिकेअर चालवणारी केंद्रीय संस्था करते.

जे-कोडचा गाभा त्याच्या व्याख्येतील एककात आहे. बिलात कुप्या नव्हे, एकके मोजली जातात. पेम्ब्रोलिझुमॅब या कर्करोगावरील औषधाच्या जे९२७१ चे एकक १ मिग्रॅ. आहे, त्यामुळे २०० मिग्रॅ. मात्रेची २०० एकके होतात. रिटुक्सिमॅबचे एकक पूर्वी १०० मिग्रॅ. (जे९३१०) होते, ते २०१९ पासून १० मिग्रॅ. (जे९३१२) झाले. ७०० मिग्रॅ. साठी ७ ऐवजी ७० एकके लिहावी लागू लागली. अशा ठिकाणी जुन्या सवयीने लिहिलेला आकडा रक्कम दहापट चुकवतो. मेडिकेअरच्या ‘भाग बी’मध्ये (दवाखान्यातील उपचार व तेथे दिलेली औषधे यांचा विमा) २० टक्के वाटा सामान्यतः रुग्णाचा असल्याने या चुकीची झळ थेट त्याला लागू शकते, म्हणून एकक तपासणे हे कोडरचे (बिलात कोड भरणाऱ्याचे) पहिले कर्तव्य मानावे.

उरलेल्या औषधाचा हिशेबही ठेवावा लागतो. ६५ किलो वजनाच्या रुग्णाला किलोमागे ६ मिग्रॅ. प्रमाणे ३९० मिग्रॅ. ट्रास्टुझुमॅब द्यायचे, तर १५० मिग्रॅ. च्या तीन कुप्या फोडाव्या लागतात. मग जे९३५५ खाली ३९ एकके आणि वाया गेलेल्या ६० मिग्रॅ. ची ६ एकके ‘जेडब्ल्यू’ या जोडचिन्हासह वेगळ्या ओळीत येतात. हे चिन्ह २०१७ पासून सक्तीचे आहे. एकमात्रा कुपीतील काहीही वाया गेले नाही, तर ‘जेझेड’ लावतात (जुलै २०२३ पासून सक्ती). टाकून दिलेल्या औषधावरही रुग्णाला आपला वाटा भरावा लागतो, ही या व्यवस्थेतील खटकणारी बाब आहे. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने ठराविक मर्यादेपलीकडील नासाडीची रक्कम उत्पादकाकडून वसूल करण्याची तरतूद केली, पण ती रक्कम सरकारकडे जाते.

या औषधांसाठी मेडिकेअरचा दर २००५ पासून सरासरी विक्री किंमत अधिक ६ टक्के असा ठरतो. त्याआधी तो सरासरी घाऊक किमतीवर बेतलेला असे. टक्केवारीमुळे महाग औषधाकडे कल वाढतो, असे एक मत आहे : १,००० डॉलरच्या औषधावर ६० डॉलर मिळतात, ५० डॉलरच्या औषधावर केवळ ३. साठवण आणि बुडीत रक्कम यांचा बोजा भागवण्यास ही भर लागतेच, असे चिकित्सकांच्या संघटना म्हणतात. पहिल्या मतातील गणित बिनतोड आहे. मात्र छोट्या दवाखान्यांच्या बाबतीत दुसरे मतही दुर्लक्षिता येत नाही. टक्केवारी घटवून ठोक रक्कम देण्याचा २०१६ चा प्रस्ताव अमलात आला नाही.

बाजारात नुकत्याच आलेल्या औषधाला स्वतःचा कोड मिळेपर्यंत जे३४९० (अवर्गीकृत औषध) किंवा जे३५९० (अवर्गीकृत जैविक) वापरतात. सोबत औषधाचे नाव, मात्रा व राष्ट्रीय औषध क्रमांक द्यावा लागतो, आणि असे दावे बहुधा माणसाकडून तपासले जात असल्याने पैसे उशिरा मिळतात. जैवसदृश (मूळ जैविक औषधाशी अगदी मिळत्याजुळत्या) औषधांना बहुतांशी ‘क्यू’ अक्षराचे कोड आहेत, उदा., ओगिव्हरी या ट्रास्टुझुमॅबच्या जैवसदृश औषधाचा क्यू५११४. टोचण्याच्या कामाचा कोड निराळा असतो. तासाभरापर्यंतच्या केमोथेरपी सलाइनसाठी ९६४१३ लावतात.

भारतात आयुष्मान भारतसारख्या योजना पॅकेज दरांवर चालतात, तेथे जे-कोड लागत नाहीत. अमेरिकी रुग्णालयांच्या बिलांचे कोडिंग मात्र पुणे, नवी मुंबई येथील कंपन्यांतही होते.