व्यवसायोपचाराचे पदवी शिक्षण आणि कार्यसज्जता

व्यवसायोपचाराची (ऑक्युपेशनल थेरपीची) पदवी घेतलेला विद्यार्थी स्वतंत्रपणे उपचार करण्यास कितपत तयार असतो, हा या शाखेच्या शिक्षणातला जुना प्रश्न आहे. येथे 'व्यवसाय' म्हणजे केवळ नोकरी-धंदा नव्हे. आंघोळ, जेवण, स्वयंपाक, लेखन, खेळ अशी माणसाचा दिवस व्यापणारी सारी कामे त्यात येतात, आणि आजाराने, अपघाताने किंवा जन्मजात अपंगत्वाने अडलेली ही कामे पुन्हा शक्य करून देणे हे उपचारकाचे काम असते.

भारतात या शिक्षणाचा आरंभ १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात झाला. जन्माने अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी तेथे पहिले विद्यालय सुरू केले. १९५२ मध्ये जागतिक व्यवसायोपचारक महासंघ स्थापन झाला, तेव्हा भारत त्याच्या संस्थापक सदस्यांपैकी एक होता. महासंघाच्या किमान निकषांनुसार विद्यार्थ्याला पात्रतेपूर्वी निदान १,००० तासांचा प्रत्यक्ष अनुभव मिळावा लागतो. महाराष्ट्रात, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत, चार वर्षांचे अध्ययन आणि त्यानंतर सहा महिन्यांची आंतरवासिता (इंटर्नशिप) अशी या पदवीची रचना रूढ झाली.

या शिक्षणाचे बलस्थान शरीररचना, मज्जासंस्था आणि रुग्णालयातील कामाचा सराव हे आहे. पक्षाघाताच्या रुग्णाचा हात तपासणे, हाताच्या शस्त्रक्रियेनंतर स्प्लिंट (हाताला योग्य स्थितीत धरणारा आधार) बनवणे, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर परिणाम होणारी अवस्था) असलेल्या मुलाची बसण्याची ढब सुधारणे ही कामे मोठ्या रुग्णालयात शिकलेल्या विद्यार्थ्याच्या हातात चांगली बसतात. उणीव जाणवते ती रुग्ण घरी परतल्यावर. दैनंदिन कामे मोजण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या बार्थेल निर्देशांकात खुर्ची-पलंगावरून उठणे आणि जिने चढणे यांची नोंद होते. जमिनीवर मांडी घालून बसणे किंवा उकिडवे बसणे यांसाठी मात्र त्यात वेगळा रकाना नाही. खेड्यातल्या घरात जेवण, धुणे आणि शौच या तिन्ही गोष्टी त्यांवरच अवलंबून असू शकतात. अशा वेळी पुस्तकातली पद्धत बाजूला ठेवून, घरातल्याच पाट-स्टुलातून तोडगा काढण्याचे धैर्य नवख्या उपचारकाला लागते, आणि ते वॉर्डातल्या फेऱ्यांतून सहसा येत नाही. ते घरभेटींतून, शाळांतून आणि मनोरुग्णांच्या पुनर्वसन केंद्रांतून येते.

म्हणूनच प्रत्यक्षानुभवाचे तास किती, याइतकेच ते कोठे आणि कोणाच्या देखरेखीखाली गेले, हे महत्त्वाचे ठरते. विद्यार्थ्याने रुग्णाचे ध्येय स्वतः ठरवले, कुटुंबाला ते समजावून सांगितले, ते फसल्यावर अनुभवी उपचारकाशी बसून कारणे तपासली, तरच क्लिनिकल तर्कशक्ती, म्हणजे रुग्णागणिक विचार करून उपचार ठरवण्याची क्षमता, घडते. केवळ निरीक्षणात गेलेली पोस्टिंग (प्रशिक्षणासाठीची नेमणूक) कागदावर तेवढेच तास भरते. पदवीनंतरचे पहिले वर्ष याच दृष्टीने नाजूक असते. अनेक उपचारकांसोबत काम करणाऱ्या नवोदिताला रोज विचारायला कोणीतरी असते, तर लहान गावातल्या दवाखान्यात किंवा विशेष शाळेत एकटाच नेमला गेलेला पदवीधर पहिल्या दिवसापासून सर्व निर्णयांना एकटा जबाबदार असतो.