द्रावक न घालता, नुसतं घोटून

औषधनिर्मितीत जेवढा माल हाताळला जातो, त्यात वजनाने सर्वांत मोठा वाटा द्रावकांचा, म्हणजे इतर पदार्थ विरघळवणाऱ्या द्रवांचा, असतो. टोल्युईन, डायक्लोरोमिथेन, डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) अशा द्रावकांचं शेवटी औषध होत नाही. रेणूंना मोकळेपणी फिरता यावं, एकमेकांना गाठता यावं म्हणून ते ओतायचे आणि काम झालं की इंधन खर्चून उडवायचे, पुन्हा गोळा करायचे किंवा जाळून टाकायचे.

चूर्णं घोटून हा खटाटोप टाळता येतो. दोन चूर्णं नुसती एकत्र ठेवली तर कण जिथे टेकतात तेवढ्यापुरतीच अभिक्रिया होते, आणि तयार झालेल्या पदार्थाचा थर पुढची वाट अडवतो. घोटलं की तो थर खरवडला जातो, कण फुटतात, आतला ताजा पृष्ठभाग उघडा पडतो.

आपल्या रसशास्त्रातली कज्जली अशीच होते. चकाकता पारा आणि पिवळा गंधक खलात घोटत राहिलं की काळंभोर मर्क्युरिक सल्फाइड तयार होतं. पाऱ्याची चमक पूर्ण गेली आणि चूर्ण बोटांच्या रेषांत बसू लागलं, की वैद्य घोटणं थांबवतात. (पारा विषारी आहे, घरी हे मुळीच करू नये.)

घर्षणाने पदार्थ तापतो म्हणून हे घडतं, असं वाटेल. पण फिलाडेल्फियाचे रसायनशास्त्रज्ञ मॅथ्यू केरी ली यांनी १८९०च्या दशकात एक विलक्षण गोष्ट दाखवली. सिल्व्हर क्लोराइड तापवलं तर नुसतं वितळतं. खलात जोर लावून घोटलं तर त्याचं विघटन होतं. बत्त्याचा जोर उष्णतेहून वेगळं काम करतो, आणि या विषयाचा गाभा मला इथेच दिसतो.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी यांच्या गटाने २०१३ साली 'सीओएफ' (कोव्हॅलंट ऑरगॅनिक फ्रेमवर्क, म्हणजे सेंद्रिय रेणू जाळीसारखे जोडून झालेले) हे सच्छिद्र पदार्थ खल-बत्त्यात बनवले. एरवी त्यासाठी द्रावक घालून बंद नळी १२० अंश सेल्सिअसला तीन दिवस तापवतात. इथे ॲल्डिहाइड आणि ॲमीन हे दोन कच्चे पदार्थ साध्या तापमानाला घोटत गेले, तसं चूर्ण फिकट पिवळ्याचं नारिंगी झालं आणि पाऊण तासाच्या आसपास गडद लाल. नेहमीच्या पद्धतीपेक्षा स्फटिकांची मांडणी थोडी विस्कळीत राहिली, पण पदार्थ पाण्यात आणि आम्लात टिकला.

मोठ्या प्रमाणावर हाताऐवजी बॉल मिल (आतल्या गोळ्यांनी चूर्ण कुटणारं यंत्र) येते, किंवा प्लास्टिक उद्योगातला दोन स्क्रूंचा एक्सट्रूडर, म्हणजे माल मळत पुढे ढकलणारं यंत्र. पण उरलेला कच्चा माल काढायला चूर्ण धुवावं लागतं, आणि तिथे द्रावक अनेकदा मागच्या दाराने परततो. म्हणून 'द्रावकरहित' असा दावा वाचला की धुण्यासाठी किती द्रावक वापरला, ते आधी बघावं.