चाइल्ड स्टुडंट व्हिसा (ब्रिटन)

ब्रिटनमधील खासगी, फी घेणाऱ्या शाळेत शिकायला जाणाऱ्या परदेशी मुलामुलींना तिथल्या गृहखात्याकडून मिळणारा निवास परवाना. अर्जाच्या दिवशी मूल ४ ते १७ वर्षांचे असावे लागते. सध्याच्या नावाने हा परवाना ५ ऑक्टोबर २०२० पासून दिला जातो. त्याआधी तो टियर ४ चाइल्ड या नावाने ओळखला जाई. १६-१७ वर्षांच्या मुलांना अभ्यासक्रमाच्या पातळीनुसार मोठ्यांचा स्टुडंट व्हिसाही मागता येतो. मात्र त्यासाठी इंग्रजी येत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. चाइल्ड स्टुडंटला भाषेची अट नाही.

या परवान्यावर सरकारी शाळेत प्रवेश मिळत नाही, आणि ही गोष्ट भारतीय पालकांच्या फार उशिरा लक्षात येते. लंडनजवळ राहणाऱ्या ओळखीच्या मराठी कुटुंबातली मुले घराशेजारच्या सरकारी शाळेत फुकट शिकत असतात, तेव्हा आपल्याही मुलाला तिथे घालता येईल असे वाटणे साहजिक आहे. पण ती मुले आईच्या किंवा वडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर, कुटुंबीय म्हणून तिथे राहत असतात. त्यांना शिकण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. एकट्याने शिकायला जाणाऱ्या मुलासाठी खासगी शाळा हाच रस्ता आहे, आणि १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागू झाल्याने तो आणखी महाग झाला आहे.

नियमावली हातात आली की पालक आधी पैशांचे कलम उघडतात. ते महत्त्वाचे आहेच. पण बहुतेक कलमे एकाच प्रश्नाभोवती फिरतात: आईवडील सातासमुद्रापलीकडे असताना या मुलाची जबाबदारी कोणावर? हा प्रश्न नीट समजला की उरलेली कागदपत्रे का मागितली जातात हे आपोआप कळते.

पूर्वपीठिका

हा प्रश्न विचारणारे पूर्वी कोणीच नव्हते. अरविंद घोष यांना त्यांच्या वडिलांनी १८७९ साली, वयाच्या सातव्या वर्षी, दोन थोरल्या भावांसह मँचेस्टरला ड्रूएट नावाच्या पाद्र्याच्या घरी ठेवले. पुढे ड्रूएट दांपत्य ऑस्ट्रेलियाला गेले आणि मुले ड्रूएट यांच्या वृद्ध आईच्या हवाली झाली. नंतर वडिलांकडून येणारे पैसेही अनियमित झाले आणि भावांनी लंडनमध्ये हलाखीत दिवस काढले. १९०५ मध्ये पंधरा वर्षांचे जवाहरलाल नेहरू हॅरोच्या शाळेत दाखल झाले. ही सारी मुले ब्रिटिश प्रजाजन होती, त्यांना परवान्याची गरज नव्हती. राष्ट्रकुलातील नागरिकांच्या प्रवेशावर नियंत्रण आले ते १९६२ च्या कायद्याने. २००९ पासून विद्यार्थ्यांच्या व्हिसासाठी गुणाधारित पद्धत (ठरलेल्या अटींचे गुण मोजून व्हिसा देण्याची) सुरू झाली आणि परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या प्रत्येक शाळेला गृहखात्याकडून स्पॉन्सरचा परवाना घेणे भाग पडले.

सांभाळ कोणाकडे

मुलाच्या राहण्याची सोय बहुधा तीनपैकी एक असते: शाळेचे वसतिगृह, ब्रिटनमधला जवळचा नातेवाईक, किंवा नात्याबाहेरचे पण सांभाळायला तयार असलेले कुटुंब. तिसऱ्या सोयीला तिथला कायदा खासगी सांभाळ मानतो. १९८९ च्या बालक कायद्यानुसार १६ वर्षांखालील मूल, अपंग असेल तर १८ वर्षांखालील, जवळच्या नातेवाइकाखेरीज कोणाकडे २८ दिवस किंवा अधिक राहणार असेल तर स्थानिक प्रशासनाला किमान सहा आठवडे आधी कळवावे लागते. मग प्रशासनाचा समाजसेवक घरी येऊन पाहणी करतो, घरातल्या माणसांची चौकशी होते.

जवळचा नातेवाईक कोण, याची कायद्यातली यादी लहान आहे: आजी-आजोबा, भाऊ-बहीण, सावत्र आईवडील, काका, मामा, आत्या, मावशी आणि त्यांचे जोडीदार. आईवडिलांचे चुलत-मावस भाऊ यात बसत नाहीत. आपल्याकडे वडिलांचा चुलत भाऊ हा हक्काचा काका असतो, मूल त्याच्या घरी वर्षभर राहिले तरी कोणाला वावगे वाटत नाही. ब्रिटनमध्ये तोच काका कायद्याच्या दृष्टीने परका माणूस ठरतो. शिवाय मूल ज्याच्याकडे राहणार तो ब्रिटिश नागरिक किंवा तिथे कायमचा स्थायिक असावा लागतो. नोकरीच्या व्हिसावर गेलेला सख्खा मामा या अटीत बसत नाही. आयटी क्षेत्रातल्या अनेक मराठी कुटुंबांचे बेत इथेच अडतात.

ही कडक भूमिका अपमानास्पद वाटू शकते, पण तिच्यामागे एक भीषण प्रकरण आहे. आयव्हरी कोस्टमधल्या व्हिक्टोरिया क्लिंबी या मुलीला, चांगले शिक्षण देते असे आईवडिलांना सांगून, आजीच्या पिढीतल्या एका नातेवाईक बाईने युरोपात आणले. दुसऱ्याच मुलीच्या नावाच्या पासपोर्टवर ती इंग्लंडमध्ये आली. तिथल्या शाळेची पायरी ती कधी चढली नाही. अतोनात छळाने २५ फेब्रुवारी २००० रोजी तिचा मृत्यू झाला, तेव्हा ती आठ वर्षांची होती. समाजसेवक, पोलीस, रुग्णालये यांच्यापर्यंत ती अनेकदा पोचली होती. ती नेमकी कोणाच्या जबाबदारीवर आहे हे कोणीच तपासले नाही. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशी समितीचा अहवाल २००३ मध्ये आला आणि २००४ च्या बालक कायद्याने खासगी सांभाळाची नोंद व तपासणी अधिक कडक केली. हे वाचल्यावर चुलत काकाच्या घराची पाहणी करणाऱ्या समाजसेवकाचा राग येऊ नये.

वसतिगृहातल्या मुलांसाठी आणखी एक व्यवस्था लागते. सत्राच्या मधली आठवड्याची सुटी, अधूनमधून येणारे सक्तीच्या सुटीचे शनिवार-रविवार, नाताळ, ईस्टर या काळात बरीच वसतिगृहे बंद होतात. त्यासाठी ब्रिटनमध्ये राहणारा एक शैक्षणिक पालक नेमावा, असा बहुतेक शाळांचा आग्रह असतो. मूल आजारी पडले, शिक्षकांची भेट ठरली, विमान चुकले, तर धावून जाणारा माणूस हाच. हे काम पैसे घेऊन करणाऱ्या संस्था आहेत. त्यांना मान्यता देणारी एजिस ही संघटना १९९४ मध्ये स्थापन झाली. मान्यता नसलेल्या, केवळ कागदावर नाव देणाऱ्या व्यक्तीवर मूल सोपवू नये. विद्यार्थी परवान्याच्या साऱ्या खर्चात हा खर्च लहान असतो, आणि काटकसर नेमकी इथेच केली जाते.

संमती

आई आणि वडील दोघांनी सही केलेले पत्र अर्जासोबत लागते. अर्जाला, प्रवासाच्या व्यवस्थेला, तिथे उतरवून घेण्याच्या सोयीला आणि राहण्याच्या ठिकाणाला अशी चारही बाबींना त्यात स्पष्ट संमती हवी. नात्याचा पुरावा म्हणून जन्मदाखला जोडतात. घटस्फोट झाला असेल आणि मुलाची संपूर्ण कायदेशीर जबाबदारी एकाकडेच असेल तर त्या एकाची सही पुरते, पण तसा पुरावा द्यावा लागतो. मूल आईजवळ राहते एवढ्यावर वडिलांचा हक्क संपला असे गृहीत धरता येत नाही. वेगळ्या राहणाऱ्या जोडप्यांनी हे पत्र शाळेचा प्रवेश ठरण्याआधीच मिळवावे. प्रवेश झाल्यावर ते अडवणुकीचे साधन होते आणि भरडले जाते मूल.

पैसा

मान्यताप्राप्त शाळेने प्रवेश दिला की ती कॅस नावाचा संदर्भ क्रमांक देते आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. वसतिगृहात राहणाऱ्या मुलासाठी एका शैक्षणिक वर्षाची शिकवण्याची व राहण्याची फी खात्यात दाखवावी लागते. नातेवाइकाकडे किंवा खासगी सांभाळात राहणाऱ्यासाठी शाळेच्या फीशिवाय महिना ५७० पौंड, जास्तीत जास्त ९ महिन्यांचे, म्हणजे ५,१३० पौंड धरतात. रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी आणि त्या मुदतीचा शेवटचा दिवस अर्जापूर्वी ३१ दिवसांपेक्षा जुना नसावा. खाते मुलाचे, आईवडिलांचे किंवा कायदेशीर पालकाचे हवे. नातवासाठी आजोबांनी आपल्या खात्यात बाजूला ठेवलेले पैसे मोजले जात नाहीत. ते २८ दिवस आधी आईच्या किंवा वडिलांच्या खात्यात वळते करावेत. शेअर आणि पेन्शन फंडही धरत नाहीत.

एप्रिल २०२५ मध्ये अर्जाचे शुल्क ५२४ पौंड झाले. आरोग्य अधिभार (तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठी भरायची रक्कम) मुलांसाठी वर्षाला ७७६ पौंड असून तो व्हिसाच्या संपूर्ण मुदतीचा एकरकमी भरावा लागतो. पाच-सहा वर्षांच्या शाळेसाठी हा आकडा व्हिसा शुल्काच्या कितीतरी पट होतो. भारतातून सहा महिन्यांपेक्षा जास्त काळासाठी जाणाऱ्याला क्षयरोग नसल्याचे, मान्यताप्राप्त केंद्रातले प्रमाणपत्रही लागते. ५ वर्षांखालील मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत.

पालक सोबत गेल्यास

मूल ४ ते ११ वर्षांचे असेल तर आई किंवा वडील यांपैकी एकाला त्याच्याबरोबर राहण्यासाठी वेगळा व्हिसा मिळू शकतो. मुलाचा व्हिसा संपेपर्यंत किंवा ते १२ वर्षांचे होईपर्यंत, यांतले जे आधी येईल तोवर, तो चालतो. या काळात पालकाला नोकरी, धंदा किंवा शिक्षण घेता येत नाही, दुसऱ्या पालकाला त्याच आधारावर येऊन राहता येत नाही, आणि कुटुंबाचे मुख्य घर ब्रिटनबाहेरच असावे लागते. फीशिवाय महिना १,५६० पौंड दाखवायचे, म्हणजे ९ महिन्यांचे १४,०४० पौंड. दोन घरांचा खर्च एका पगारात आणि बारावा वाढदिवस झाला की सोबतीचा अंत, अशी ही सोय आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला पाठवताना पुढे ते वसतिगृहात राहू शकेल का, याचा विचार त्याच दिवशी केला पाहिजे.

मुदत, काम आणि शाळाबदल

अर्जाच्या वेळी मूल १६ वर्षांखालील असेल तर अभ्यासक्रमानुसार जास्तीत जास्त ६ वर्षांचा, १६-१७ चे असेल तर ३ वर्षांचा व्हिसा मिळतो, वर प्रत्येकी ४ महिने. १६ वर्षांखालील मुलांना काम करता येत नाही. त्यावरील मुलांना सत्र चालू असताना आठवड्याला १० तास आणि सुटीत पूर्ण वेळ काम करता येते. व्हिसा आता ई-व्हिसा म्हणून ऑनलाइन नोंदला जातो आणि तो पासपोर्टशी जोडलेला असतो. अल्पवयीन मुलाचा भारतीय पासपोर्ट बहुधा पाचच वर्षांचा असल्याने शिक्षण चालू असतानाच तो संपतो. नवा पासपोर्ट मिळताच त्याचा क्रमांक ई-व्हिसाच्या खात्यात नोंदवला नाही तर सुटीहून परतताना मूल विमानतळावर अडकू शकते.

परवाना त्या विशिष्ट शाळेशी बांधलेला असतो. मूल शाळेत रुजू झाले नाही किंवा मध्येच शाळा सोडली तर शाळेला १० कामकाजाच्या दिवसांत गृहखात्याला कळवावे लागते, आणि त्यानंतर व्हिसाची मुदत कमी केली जाऊ शकते. शाळा बदलायची असल्यास नव्या शाळेचा कॅस घेऊन नवा अर्ज करावा लागतो. आधी नवी शाळा व अर्ज, मग जुन्या शाळेतून नाव काढणे, हाच क्रम पाळावा.