मांजर की बेक्कु?

बेळगावातल्या शहापूरच्या एका गल्लीत कट्ट्यावर दीड वर्षाची पोर चित्रांचं पुस्तक उलटं धरून बसलीय. आज्जी ते सरळ करते, चित्रावर बोट ठेवते. "हे बघ, मांजर." शेजारच्या अक्का भाजी निवडता निवडता वाकून कन्नडात म्हणतात, "बेक्कु!" पोर आज्जीकडं बघते, अक्कांकडं बघते आणि पान उलटते. तिचं काही अडलेलं नाही. अडतं मोठ्यांचं. "आधी एक भाषा नीट येऊ दे, नाहीतर गोंधळेल ती," हे वाक्य बेळगाव, खानापूर, निपाणीकडं कुणी ऐकलं नसेल असं घर सापडायचं नाही.

गोंधळ होतो का, ते तपासायची एक मजेशीर रीत आहे. बाळासमोर पडद्यावर दोन वस्तू दाखवायच्या. एक ओळखीची, समजा चेंडू, आणि दुसरी कधीच न पाहिलेली. मग एक अगदी नवा शब्द उच्चारायचा आणि बाळाची नजर कुठं जाते ते मोजायचं. एकाच भाषेत वाढणारं बाळ अनोळखी वस्तूकडं बघतं. चेंडूला नाव आहेच, तेव्हा हे नवं नाव त्या दुसऱ्याचं, असा त्याचा तर्क. २००९ साली कॅनडातल्या संशोधक क्रिस्टा बायर्स-हाइनलाइन आणि जॅनेट वर्कर यांनी हा प्रयोग १७-१८ महिन्यांच्या बाळांवर केला. एकभाषक बाळांनी हा तर्क ठामपणे लावला, दोन भाषांच्या घरातल्या बाळांत तो पुसट दिसला आणि तीन भाषांच्या घरातल्या बाळांत दिसलाच नाही.

पहिल्यांदा वाचल्यावर वाटतं, ही बाळं मागं पडली. पण जिथं एकाच जनावराला आज्जी मांजर म्हणते, अक्का बेक्कु म्हणतात आणि पलीकडच्या गल्लीत बिल्ली म्हणतात, तिथं 'एका वस्तूला एकच नाव' हा नियम धरून बसलेलं बाळच फसेल. आमच्या गल्लीतल्या बाळानं गल्लीचा हिशेब बरोबर मांडलेला असतो.

शब्द मोजतानाही अशीच गफलत होते. मायामीतल्या स्पॅनिश-इंग्रजी घरांतल्या लहान मुलांचे शब्द बार्बरा पिअर्सन आणि सहकाऱ्यांनी मोजले (१९९३). दोन्ही भाषांतले शब्द एकत्र धरले तर ती मुलं एकभाषक मुलांपेक्षा कमी भरली नाहीत. "पोराला मराठी कमी येतं" म्हणणाऱ्या पाहुण्यानं त्याचं कन्नड कुठं मोजलेलं असतं?

इथं चित्रांचं पुस्तक कामाला येतं, कारण चित्राला लिपी नसते. अर्थात चित्र म्हणजे काय, हेही बाळाला शिकावंच लागतं. नऊ महिन्यांचं बाळ चित्रातली वस्तू चक्क उचलायला जातं, कागदावर नखं घासतं. जूडी डीलोश यांना हे अमेरिकेतल्या आणि पश्चिम आफ्रिकेतल्या बेंग लोकांच्या बाळांत सारखंच दिसलं (१९९८). दीड वर्षाच्या पुढं हाताची झडप थांबते आणि बोट दाखवणं सुरू होतं. नावं सांगायला याहून चांगली वेळ नाही, मग ती दोन का असेनात.

नुसतं वाचून दाखवणं मात्र पुरत नाही. १९८८ मध्ये ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी साधारण दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या काही पालकांना सांगितलं : सरळ वाचत सुटू नका, विचारा. बोटानं उत्तर देता येईल असे प्रश्न कमी करा. बाकीच्या पालकांनी तितक्याच वेळा, पण नेहमीसारखं वाचलं. महिन्याभरानंतर बोलण्याच्या एका चाचणीत प्रश्न विचारलेली मुलं बाकीच्यांपेक्षा साडेआठ महिन्यांनी पुढं होती. "मांजर कुठाय?" याला बोट पुरतं. "मांजर काय करालंय?" याला तोंड उघडावंच लागतं. पोर म्हणाली "दूध", की आपण म्हणायचं, "व्हय, चोरून दूध प्यालंय." एवढ्यासाठी वाचता येण्याची गरज नाही. कन्नड शाळेत शिकलेली आई मराठी अक्षरांत अडखळते, आज्जीला तर एकही लिपी येत नाही, पण दोघीही हे करू शकतात.

आणि तेच पुस्तक पुन्हा मागितलं तर वैतागू नये. जेसिका हॉर्स्ट यांच्या २०११च्या प्रयोगात, नवे शब्द तितक्याच वेळा कानावर पडूनही, तीन वर्षांच्या मुलांना ते वेगवेगळ्या गोष्टींपेक्षा तीच गोष्ट पुन्हापुन्हा ऐकल्यावर जास्त लक्षात राहिले. बंगळूरच्या प्रथम बुक्स या प्रकाशनानं २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर एकाच चित्रांची गोष्ट मराठीतही मिळते, कन्नडातही, आणि फुकट. एका रात्री ही, दुसऱ्या रात्री ती.

पुस्तक नसलं तरी चिऊ-काऊ आहेतच. कन्नडात ती कागक्का-गुब्बक्का होतात, म्हणजे आपला शेणाच्या घरातला काऊ तिकडं चक्क अक्का. पोरीच्या पाच वर्षांच्या भावानं परवा दोन्ही गोष्टी लागोपाठ ऐकल्या आणि विचारलं, "आज्जी, कावळा बाई हाय की बाप्या?" आज्जीनं अक्कांकडं बघितलं. अक्का म्हणाल्या, "तुमच्याकडं असंल बाप्या. आमच्याकडं अक्काच."